स्लॅबखालचं मतदान

बायको वारली त्या आठवड्यात जगात कुठं कुणाचं सरकार आलं, मला ठाऊक नाही. त्याच्या आधीचं बरंच ठाऊक आहे. ती असताना आमच्या दारात रोज संध्याकाळी दोन-चार देशांचा निकाल लागायचा. आता पेपर येतो आणि तसाच घडीत पडून राहतो. शेजारचा भाई येऊन घेऊन जातो.

मी चौथी शिकलेला माणूस. आयुष्य सेंट्रिंगच्या कामावर गेलं. बल्ल्या उभ्या करायच्या, वर फळ्या ठोकायच्या, त्यावर लोखंडाची जाळी बांधायची, मग काँक्रीट ओतलं की स्लॅब. तो वाळला की फळ्या काढून दुसऱ्या इमारतीवर. लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं तेव्हा आम्हाला दम खायला फुरसत नव्हती. क्लास, त्याच्यावर होस्टेल, त्याच्यावर आणखी एक क्लास. आज ज्या इमारतींवर पहिल्या आलेल्या पोरांचे मोठाले फोटो लावलेत, त्यातल्या कैक इमारतींचे स्लॅब माझ्या फळ्यांवर पडलेत. आणि माझी बायको भूकंपानंतर एकाही स्लॅबखाली गेली नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसण्यासारखं आहेच.

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला त्या रात्री मी लातूरला कामावर होतो. गावात गणपती बोळवून लोक झोपले होते. आमचं पोरगं उकाड्यानं किरकिर करत होतं म्हणून ही त्याला घेऊन अंगणात आली आणि तिथंच बाजेवर आडवी झाली. तिची आई पाहुणी आलेली होती. ती आत झोपली. आमच्याकडच्या जुन्या घरांना लाकडावर मातीचं जाड छत असायचं, माळवद म्हणतात. मी पोचलो तेव्हा आत आणि बाहेर असा फरक राहिला नव्हता. सासूबाईंना काढायला आम्हाला दुपार झाली.

त्यानंतर ती जड छताखाली गेली नाही. माळवद नाही, स्लॅब नाही, देवळाचा गाभाराही नाही. देवाला बाहेरूनच हात जोडायची. पत्रा तेवढा चालायचा. "पत्रा डोक्यात आला तर खोक पडती," ती म्हणायची, "टाके घालता येत्यात." लातूरला एका तुकड्यावर आम्ही पत्र्याचं दोन खोल्यांचं घर उभं केलं आणि तिथंच राहिलो. चारी बाजूंनी चार मजली होस्टेलं उठली. मधे आमचा पत्रा. वरून पोरी वाळत घातलेले कपडे पाडायच्या, ही ते झटकून परत द्यायची. पोरगा नांदेडला नोकरीला लागला, तिथं त्यानं फ्लॅट घेतला. वास्तूला ही गेली ती खाली पार्किंगमधे बसली. पोरगा म्हणाला, "आई, पार्किंगच्या वर तर सगळेच मजले हायेत." ती उठली आणि वॉचमनच्या पत्र्याखाली जाऊन बसली. वास्तूचं जेवण तिथंच वाढलं. वॉचमनचंही झालं.

आता बातम्यांचं सांगतो. शेजारी पिंजाऱ्याचं दुकान, कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचं. दुकानही पत्र्याचंच, म्हणून हिचं तिथं जाणं-येणं. दुकानवाला माझ्याच वयाचा. ही त्याला भाई म्हणायची, तो हिला भाभी. तो उर्दू पेपर घ्यायचा, मराठीही घ्यायचा, आणि रेडिओ तर कापूस पिंजतानाही चालू. बायकोला अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी दुकान आवरलं की भाई आमच्या दारात येऊन बसायचा, एक पेपर तो वाचायचा, दुसरा अडखळत मी, आणि ही तांदूळ निवडत ऐकायची.

सुरुवातीलाच एक घोटाळा झाला. भूकंपाला फार दिवस झाले नव्हते. रेडिओवर बाई म्हणाली की अमक्या देशातलं सरकार कोसळलं. देशाचं नाव माझ्या तोंडात तेव्हाही बसलं नाही. बायकोनं सूप टाकलं, पोराला बखोटीला धरून उचललं आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. तिथून ओरडली, "किती माणसं होती?"

भाई पेपरात बघून म्हणाला, "पूरा मंत्रिमंडळ, भाभी."

"अगं माय! बाहेर काढलं का न्हाई कुणी?"

"खुद ही बाहेर आले. इस्तीफा देके."

तिला समजायला वेळ लागला. समजल्यावर ती आत आली, सांडलेले तांदूळ गोळा केले आणि म्हणाली, "जितं माणूस बाहेर आलं तर कोसळलं म्हणू नये." तेव्हापासून आमच्या दारात सरकारं कोसळायची बंद झाली. पडायचीही बंद. पेपरात 'पडलं' आलं की आम्ही वाचायचो 'उतरलं'. घोड्यावरून उतरतात तसं. निवडणुकीत माणूस पडला असेल तर म्हणायचं, घरी गेला. भाईला पहिले काही दिवस जड गेलं, मग जिभेला वळण लागलं. मराठी पेपरवाल्यांना पडणं, पाडणं, कोसळणं याच्याशिवाय एक रकाना भरता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पण 'घरी गेला' म्हटलं की तिचा दुसरा प्रश्न तयार. "घर हाय का त्याला?" कुठलाही पंतप्रधान हरला की आधी त्याच्या घराची चौकशी. सरकारी बंगला सोडून तो कुठं जाणार, गावाकडं काही ठेवलंय का, बायको काय म्हणत असेल. भाई बिचारा पेपर वरखाली करायचा. पेपरात तसलं काही नसतं. मग तो ठोकून द्यायचा. "है भाभी, छोटासा मकान है. ससुराल के बाजूला." ती म्हणायची, "सासुरवाडीला दिवस काढायचे म्हणजे अवघडच." आणि त्या माणसाची सगळी चुकलेली धोरणं तिच्याकडून माफ.

एका देशातला अध्यक्ष हरला आणि खुर्चीवरून हलेना. भाई म्हणाला, त्याचं म्हणणं मतमोजणीत गडबड झाली. आम्हाला वाटलं ही चिडेल. ती म्हणाली, "घाबरलं असंल. बाहेर निघायला बी धीर लागतो." दुसऱ्या एका देशातला हुकूमशहा जवळपास सगळी मतं घेऊन निवडून आला, तेव्हा मात्र तिचं मत वेगळं पडलं. "आमच्या वाड्यात चार जावा होत्या," ती म्हणाली, "कालवणात मीठ किती यावर एकमत न्हाई झालं कधी. ह्याला कुठनं भेटली येवढी मतं?"

असं सगळं होतं. फक्त तिनं स्वतः कधी मत दिलेलं नव्हतं. भूकंपाच्या आधी ती बाळंतपण, माहेर, शेत यात अडकलेली. आणि भूकंपानंतर मतदान म्हणजे शाळा, आणि शाळा म्हणजे स्लॅब.

पहिल्यांदा ती गेली तेव्हा शिक्का मारायचे दिवस होते. व्हरांड्यावर पत्रा होता, तिथपर्यंत रांगेत नीट उभी राहिली. दाराशी आली, वर बघितलं, आणि मागच्या बाईला म्हणाली, "तू जा गं." मग तिच्या मागच्या बाईला. अशी सगळी रांग पुढं काढून दिली आणि शेवटी एकटीच राहिली. मग मैदानात लिंबाखाली जाऊन बसली. मी आत जाऊन माझं मत दिलं आणि दोघं घरी आलो.

ही गोष्ट गल्लीत फिरली आणि एका पार्टीच्या कार्यकर्त्याच्या कानावर गेली. पुढच्या निवडणुकीला तो दोन माणसं घेऊन आला. "मावशी, तुम्ही मतदानातून परत आलात म्हणे. नाराजी काय हाय तुमची?"

"स्लॅब," ती म्हणाली.

त्यानं आमच्या पत्र्याकडं बघितलं. मान हलवली. सोबतच्याला म्हणाला, "लिहून घे." आणि हिला म्हणाला, "मावशी, साहेब निवडून आले की पहिला स्लॅब तुमचा."

ती इतकी घाबरली की आठ दिवस साहेब हरावेत म्हणून उपास धरला. साहेब घरी गेले. त्यांना घर होतं, चांगलं मोठं.

त्या निवडणुकीला ती खिडकीशी गेली. तोवर मशिनी आल्या होत्या. खिडकीतून आतल्या यादीवाल्या साहेबाला म्हणाली, "ती मशीन जरा हिकडं सरकवा. मी गजातनं हात घालते." साहेब कुठल्यातरी शाळेतला मास्तर असावा, माणूस चांगला होता. म्हणाला, असं चालत नाही. मग आपणहूनच म्हणाला, "मावशी, दिसत नसेल तर सोबत माणूस घेता येतो, तो बटण दाबेल."

"मला दिसतंय की," ती म्हणाली. "दिसतंय म्हणूनच तर."

परत लिंबाखाली. परत मी एकटाच.

तिला याचं वाईट वाटायचं का, मी कधी विचारलं नाही. ती बोलण्यात कमी पडत नव्हती, म्हणून मला वाटलं सगळं ठीक आहे. मग दोन-तीन वर्षांपूर्वी तो दिवस आला. भाईनं बातमी वाचली की फलाण्या देशात निम्म्या लोकांनी मतच दिलं नाही आणि आता नव्या सरकारविरुद्ध तेच रस्त्यावर उतरलेत. ही एकदम भडकली. "असल्या लोकाला बोलायचा हकच न्हाई," ती म्हणाली. "मत द्यायच्या वक्ताला घरात बसायचं आणि मागून बोंबलायचं. तोंडं शिवली पायजेत एकेकाची."

भाई चष्मा पुसत होता. चष्मा पुसता पुसताच म्हणाला, "फिर तो भाभी, पहिला टाका तुमच्याच तोंडाला."

मी हसलो. भाई हसला. तीही हसेल असं आम्हाला वाटलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "बरोबर हाय तुमचं."

दुसऱ्या दिवसापासून ती बातम्यांवर बोलायची बंद झाली. रुसली नव्हती. भाईला चहा रोजच्यासारखाच, विचारपूस रोजच्यासारखीच. पेपर उघडला की गप्प. भाई घाबरा झाला. "मैं तो मजाक में बोल्या, भाभी." ती म्हणाली, "मजाकीत बी खरंच बोललात." भाईनं लई उपाय केले. एका देशात एका बाईचा नवरा पंतप्रधान आणि त्याच्या विरोधात सख्खा मेव्हणा, म्हणजे तिचाच भाऊ उभा, अशी बातमी त्यानं वाचली. ती पेपरात नव्हती, मी नंतर बघितलं. हिचा हात तांदळात थांबला. पदर तोंडाला लावला. डोळ्यांत विचारायचं होतं की त्या बाईनं कुणाला मत द्यायचं. पण विचारलं नाही. भाई घरी गेला तेव्हा रडायला आला होता.

महिने गेले असे. आमच्या दारात दोन म्हातारे एकमेकांना पेपर वाचून दाखवायचे आणि ऐकणारं कुणी नसायचं. मला तर वाचलेलं समजेनासंच झालं. ती बोलली की बातमीतली माणसं माणसं व्हायची. तिच्याविना नुसती नावं, तीही न बसणारी.

त्यात तिचं दुखणं निघालं. चालली की धाप लागायची. डॉक्टरनं सांगितलं हृदय मोठं झालंय, जिने चढायचे नाहीत, दगदग नाही, चालताना बोलायचंसुद्धा नाही. डॉक्टरचा दवाखाना स्लॅबचा, म्हणून त्यांनीच बाहेर रिक्षात येऊन तिला तपासलं. पोरगा नांदेडहून रोज फोन करायचा. मतदान जवळ आलं तेव्हा त्यानं मला बजावलं, "बाबा, उन्हाचं आईला शाळेत नेऊ नका. तसंही ती लिंबाखालीच बसणार."

हे ती ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मी आत जाणार हाय."

मी म्हटलं, "कशाला? जीवावर बेतंल."

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "किती दिस गप बसू?"

मग अट घातली. "मी आत गेले की तुम्ही वर बघायचं. माझ्याकडं न्हाई. स्लॅबकडं. हलला की वरडायचं."

"आन न्हाई हलला तर?"

"तर कायला वरडाल?"

मतदानाच्या दिवशी आम्ही सकाळीच गेलो. तरी ऊन होतंच. रिक्षानं दारापर्यंत नेलं, रांगेतल्या बायांनी तिला पुढं सोडलं. दाराशी आली, थांबली. मला वाटलं आता म्हणणार, तू जा गं. तिनं पायाकडं बघितलं, चप्पल सारखी केली आणि आत गेली. नजर फरशीवर. मी तिच्या मागं.

आणि मी वर बघितलं. आयुष्यभर स्लॅब केले, पण असा टक लावून एकही बघितला नव्हता. झाल्यावर आपण निघून जातो. एका कोपऱ्यात ओल होती, मधे पंखा गरगर फिरत होता. फिरत्या पंख्याच्या पात्यांतून बघायला लागलो तर स्लॅब हलल्यासारखाच दिसायला लागला. आता काय करावं? वरडावं तर ती जाग्यावर मरंल. न वरडावं तर शब्द मोडला.

मी म्हटलं, "पंखा बंद करा."

यादीवाला साहेब म्हणाला, "काय?"

"पंखा. बायकोचं मत होईपर्यंत."

"आजोबा, या उकाड्यात? नाव सांगा तुमचं."

"थांबा. वर बघून राहिलो."

"वर काय हाय?"

"स्लॅब."

त्यानं वर बघितलं. शाई लावणाऱ्या बाईनं वर बघितलं. भिंतीशी पार्ट्यांची पोरं बसली होती, त्यांनी माना वर केल्या. एकानं खुर्ची हळूच दाराकडं सरकवली. दारातला पोलीस आत आला, "काय झालं, काय झालं?" म्हणत तोही वर बघत उभा राहिला. कुणीतरी पंखा बंद केला. खोलीत एवढी माणसं आणि सगळ्यांच्या हनुवट्या वर.

तिचं बोट शाईला कधी गेलं, पुठ्ठ्याच्या आडोशामागं ती किती वेळ उभी होती, यातलं मला काही सांगता येत नाही. मी बघितलंच नाही. त्या खोलीत कुणीच बघितलं नाही. मशीन लांबलचक वाजली तेवढी ऐकली. वाजली तसा पोलीस दचकला.

मग बाहेरून तिचा आवाज आला. "हलला का?"

"न्हाई," मी म्हटलं. वर बघतच.

"मग आत काय करून राहिलाव?"

"माझं व्हायचंय अजून."

शाईवाली बाई हसली आणि माझी मान दुखायला लागली.

बाहेर आलो तर भाई फाटकाशी उभा होता. सकाळी पहिलंच मत टाकून तो तिथंच थांबला होता, हे त्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं. ही त्याच्यासमोर गेली आणि शाईचं बोट त्याच्या चष्म्याजवळ धरलं. भाईनं हात कपाळाला लावून सलाम केला. "मान गये, भाभी. किसको दिया?"

"ते सांगायचं नस्तंय," ती म्हणाली. "पेपर वाचून वाचून येवढं बी कळलं न्हाई का तुम्हाला?"

रिक्षा मिळेना, मतदानामुळं सगळ्या गुंतल्या होत्या. घर जवळच, म्हणून सावलीसावलीनं निघालो. तिला धाप होती, मी दंड धरला होता. होस्टेलच्या भिंतीशी टेकून एकदा थांबली, श्वास घेतला आणि भाईला म्हणाली, "त्या मेव्हण्याचं काय झालं हो?"

भाईनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "जीत गया."

"जितणारच. बहिणीनं त्यालाच दिलं आसंल. नवऱ्याला कशाला देती, त्यो तर घरात बी तिचं ऐकत नसंल." पुन्हा चालायला लागली. "आन त्यो खुर्ची न सोडणारा? गेला का घरी?"

मी म्हटलं, "गप चल. डॉक्टरनं चालताना बोलायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

"डॉक्टरनं मत दिलंय का आज?" ती म्हणाली. "इचारा आधी."

भाई पुढं चालत मागं वळून वळून उत्तरं देत होता, माहिती असलेली आणि नसलेली. घर येईपर्यंत तिचे तीन देश झाले.